युरोपचा व्हिसा: पैसा कोणत्या क्रमाने अडकवायचा, नागपूरकरांसाठी हिशेब

विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्यामुळे इथली कुटुंबं युरोपला निघतात ती बहुधा मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि नेमक्या त्याच दिवसांसाठी देशभरातून अर्ज पडतात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो. जादा चौकशी निघाली तर 45 दिवसही लागतात. मेअखेरच्या प्रवासासाठी अपॉइंटमेंट जानेवारी-फेब्रुवारीत घ्यावी, तीही अर्ज केंद्राच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. एप्रिलमध्ये जागे होणाऱ्यांना ‘स्लॉट काढून देतो’ म्हणणारे एजंट भेटतात.

या प्रवासात बहुतेकांचे पैसे बुडतात ते खर्चाचा क्रम चुकल्यामुळे. विमानाचं स्वस्त तिकीट दिसलं की आधी ते घेतलं जातं, मग व्हिसाला उशीर होतो आणि तिकीट परत होत नाही. म्हणून आधी पासपोर्ट तपासा, मग दिवसांचा आराखडा, मग रद्द करता येणारी हॉटेलं, तिकीट न काढता विमानाचं फक्त आरक्षण, विमा आणि अर्ज. परत न मिळणारा पैसा व्हिसाचा शिक्का पाहिल्यावरच भरायचा. हॉटेलं मात्र निर्णय येईपर्यंत रद्द करू नका. अर्ज दिल्या दिवशी बुकिंग काढून टाकण्याची युक्ती वकिलातींना चांगली ठाऊक आहे.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. खरी अडचण नावांची असते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते असतं, बँकेत फक्त आद्याक्षर, आणि लग्नानंतर आडनाव आधारवर बदललेलं पण पासपोर्टवर माहेरचंच. अर्ज, विमा आणि तिकीट यांवर पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. बँकेतलं नाव वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडून कव्हर लेटरमध्ये एका ओळीत कारण सांगा.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा? जिथे सर्वाधिक रात्री, तिथे. पॅरिसला तीन, स्वित्झर्लंडला पाच आणि इटलीला तीन रात्री असतील तर अर्ज स्वित्झर्लंडचा. रात्री समसमान असतील तर पहिल्यांदा जिथे उतरणार तो देश. ‘अमक्या देशाचा व्हिसा सोपा मिळतो’ म्हणून तिथला अर्ज करून दुसरीकडेच राहणं महागात पडतं, कारण हॉटेलच्या तारखा ते उघड करतात. शेंगेनमध्ये सध्या 29 देश आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, त्यामुळे सहलीत लंडन असेल तर वेगळा व्हिसा, वेगळं शुल्क आणि वेगळा वेळ धरा.

शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45 युरो, सहा वर्षांखालच्यांना नाही. आईवडील, दहा वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असं कुटुंब असेल तर 225 युरो. युरो 100 रुपये धरला तर 22,500. अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी यातलं काही परत येत नाही. अर्जाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे 59 महिने चालतात, म्हणजे पाच वर्षांत पुन्हा जाणाऱ्याला ते बहुधा नव्याने द्यावे लागत नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्याने मात्र मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात स्वतः जाण्याचा खर्च धरावा: रेल्वेची तिकिटं, एक रात्र आणि दोन रजा. आदल्या रात्रीच्या गाडीने निघून सकाळची अपॉइंटमेंट घेऊ नका. गाडी दोन तास उशिरा आली की सगळं हुकतं. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

आता बँक स्टेटमेंट. अधिकारी शिल्लक पाहतो आणि ती कुठून आली हेही पाहतो. साधारण तीन ते सहा महिन्यांचं, बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट लागतं. अर्जाच्या आठवडाभर आधी मामांनी पाच लाख टाकले, तर ते उसने आहेत हे लगेच कळतं. एफडी मोडली असेल किंवा प्लॉट विकला असेल तर त्याचा कागद जोडा. इतवारीतल्या व्यापाऱ्यांची नेहमीची गोष्ट अशी की धंदा मोठा, पण खात्यात उलाढाल कमी आणि विवरणपत्रात उत्पन्न त्याहून कमी. अशा वेळी जीएसटी नोंदणी, चालू खात्याचं आणि बचत खात्याचं अशी दोन्ही स्टेटमेंटं, आणि आयकर विवरणपत्रं द्या. काटोल-वरुडच्या संत्रा बागायतदारांनी सातबारा, माल विकल्याच्या पावत्या आणि त्याच रकमा जमा झालेलं खातं एकमेकांना लावून दाखवावं. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर लागतं. सरकारी नोकरीत असाल तर परदेश प्रवासाची विभागाची परवानगी वेळेत काढा. ती फाइल टेबलाटेबलांवरून फिरते आणि अपॉइंटमेंट कोणासाठी थांबत नाही.

किती शिल्लक पुरेशी? देशागणिक वेगळं. फ्रान्सचा हिशेब उघड आहे: हॉटेल बुक असेल तर दिवसाला माणशी 65 युरो, नसेल तर 120. फ्रान्समध्ये राहणाऱ्या नातेवाइकाने तिथल्या पालिकेतून काढलेलं निवासपत्र दिलं तर 32.5. जर्मनीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी मुलाने तिथल्या कार्यालयातून खर्चाच्या जबाबदारीचं औपचारिक हमीपत्र काढलेलं उत्तम, साधं निमंत्रणाचं पत्र त्याच्या तोडीचं नाही. तरीही आईवडिलांचं पेन्शन, घर, नागपुरातली इतर मुलं-नातवंडं असे परत येण्याचे पुरावे लागतातच. नकार बऱ्याचदा ‘परत येण्याचा हेतू पटला नाही’ या कारणावर खूण होऊन येतो.

प्रवासातल्या उपचारांचा विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत जुन्या आजारांचं कलम वाचा. व्हिसापुरती ती चालते, पण रुग्णालयात रक्तदाब किंवा मधुमेहाच्या नावाखाली दावा अडतो.

पैसे नेताना तीन भाग करा: फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरलेलं कार्ड), क्रेडिट कार्ड आणि थोडी रोख. परकीय नोटा एका फेरीला 3,000 डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येतात, चौघांना युरोपात त्याचा दहावा भागही पुष्कळ. चलन रिझर्व्ह बँकेच्या परवान्याच्या दुकानातूनच घ्या. सीताबर्डी, सदर, धरमपेठ इथे दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी दर विचारा, आणि प्रत्येकाला ‘सगळं धरून हातात किती युरो’ एवढंच विचारा. कमी दर सांगून नंतर सेवाशुल्क लावणं ही जुनी खोड आहे. रोखीने 50,000 रुपयांच्या आतच चलन घेता येतं, त्याहून मोठी खरेदी असेल तर सगळी रक्कम चेक किंवा कार्डाने द्या. पॅन जवळ ठेवा.

युरोचं कार्ड स्वित्झर्लंडमध्ये घासलं तर फ्रँकच्या रूपांतराचा वेगळा आकार बसतो. तिथे पाच रात्री असतील तर कार्डवर फ्रँकही भरून घ्या. क्रेडिट कार्डवर परकीय व्यवहाराचा आकार 3.5 टक्के असेल तर लाखभर खर्चावर 3,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 630, एकूण 4,130 रुपये. तरी हॉटेलचं किंवा भाड्याच्या गाडीचं डिपॉझिट क्रेडिट कार्डवरच द्या. फॉरेक्स कार्डवर अडकलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस जातात आणि तोवर खरेदीचे पैसेच उरत नाहीत. दुकानातलं यंत्र ‘रुपयांत की युरोत’ विचारेल तेव्हा युरोच. रुपये निवडलेत की दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करा, नव्या कार्डांवर तो बंदच येतो.

टूर कंपनीचं पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच गोळा होणारा आयकर, कापला जातो. तो खर्च नव्हे, आगाऊ कर आहे. ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच विवरणपत्रात परत मिळतो, म्हणून विवरणपत्र भरणाऱ्याच्याच नावाने पैसे द्या. सासूबाईंच्या पॅनवर कापलेला टीसीएस जावयाला वळता होत नाही.

परतल्यावर उरलेलं चलन 180 दिवसांत विकावं लागतं, 2,000 डॉलरच्या मूल्यापर्यंत ठेवता येतं. पण सुटी नाणी इथे कोणी घेत नाही. ती विमानतळावर चहा-पाण्यात संपवून या.