तरणा कोंबडा राखायचा कोणता? घास वाटण्यावरून पारख

गावठी कोंबडीच्या एका उबवणीत साधारण निम्मे नर निघतात. त्यातला एक राखायचा झाला की सगळ्यांत थोराड, लालभडक तुऱ्याचा निवडला जातो. थोराडपणाआधी तो कोंबड्यांना घास कसा वाटून देतो ते पाहा. कोंबड्या त्याच्यामागून आपणहून फिरतील की तो दिसताच पडवीत पळतील, हे त्यावर ठरतं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात नर आरवू लागतो आणि त्याला माज येतो. रीत मागाहून येते. त्याच उबवणीतल्या तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, तेव्हा अंड्यावर आलेल्या नसतात, म्हणून नराला चढू द्यायला खाली बसत नाहीत. मग तो पाठलाग करतो, मानेची पिसं चोचीत धरून पाठीवर चढतो. यावरून त्याला वाईट ठरवू नका, पण तलंगांना त्याच्या तावडीतही ठेवू नका. सगळे तरणे नर वेगळ्या खुराड्यात, माद्या दिसणार नाहीत अशा बाजूला ठेवा. मादी नजरेआड असली की एका उबवणीतले नर बहुधा नीट नांदतात. दिवसातून तासभर एकेकाला जुन्या, जाणत्या कोंबड्यांत सोडा. त्या टोचून त्याला जागेवर आणतात. तलंगांना ते जमत नाही.

पारख सात-आठ महिन्यांचा झाल्यावर करा. सकाळचं दाणापाणी झाल्यावर दोनेक तासांनी, कारण भुकेला नर आधी स्वतःच खातो. माडाच्या आळ्यातली पाच-सहा गांडुळं किंवा मूठभर वाळवी त्याच्यापुढे जमिनीवर टाका आणि लांब उभे राहा. हातातून भरवू नका. कणी किंवा कोंडा टाकलात तर तो फारसा बोलावणारच नाही. आवडीच्या खाण्यालाच त्याची हाक जोरात असते.

चांगला नर मान खाली घालून भराभर ‘कुट-कुट-कुट’ करतो, घास चोचीत उचलतो, खाली टाकतो, पुन्हा उचलतो. कोंबडी आली की तो घास तिला खाऊ देतो. नंतर एक पंख जमिनीला लागेल इतका खाली सोडून तिरक्या पावलांनी तिच्याभोवती फिरतो. ती बसली तर चढतो, निघून गेली तर जाऊ देतो. हे शेवटचं आम्ही सगळ्यांत महत्त्वाचं मानतो.

काही नर घास नसतानाच हाक मारतात आणि कोंबडी जवळ आली की झडप घालतात. असं वारंवार झालं की कोंबड्या त्याच्या हाकेला येईनाशा होतात. एका दिवसावर निकाल देऊ नका, आठवडाभर पाहा. एक चूक हमखास होते: दोन नर एकत्र सोडून पारख करणं. दबलेला नर थोरल्याच्या भीतीने आवाज न काढता नुसतीच मान हलवून घास दाखवतो, आणि तो घास वाटून देतच नाही असा आपला समज होतो. प्रत्येकाची पारख एकट्यानेच करा.

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. चारच कोंबड्या असतील तर चांगला नरही एकदोघींची पाठ उघडी पाडतो. पावसाळ्यात हे जास्त होतं, कारण सगळी पाखरं पडवीला कोंडलेली असतात. दाणा दोन-तीन ठिकाणी टाका, आडोशाला एखादं उपडं डालगं (कोंबड्या झाकायची बांबूची टोपली) किंवा झावळी ठेवा, बसायला दोन उंचींवर बांबू बांधा. खाली भाताचं तूस कोरडं राहिलं पाहिजे. पाठीतून रक्त आलं तर त्या कोंबडीला लगेच वेगळी करा, कारण रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. नवी पिसं येईपर्यंत तिला नरापासून दूर ठेवा.

निवडलेला नर बहिणींवरच ठेवू नका. पुढची पिल्लं कमजोर निघतात. दुसऱ्या वाडीतल्या कोणाशी बदलून घ्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे का विचारा. आलेला कोंबडा दोन आठवडे पूर्ण वेगळा ठेवा, मग तीन-चार दिवस परसात डालग्याखाली. कोंबड्या डालग्याजवळ येऊन निवांत चरू लागल्या की त्याला सोडा.