खडीच्या चरात नेमकं किती पाणी मावतं? सोसायटीने करायचा हिशेब

गच्चीवरचं पाणी गटारात जाऊ न देता आवारातच जिरवायचं ठरलं, की सोसायटीच्या मीटिंगमध्ये लांबी, रुंदी, खोलीचा गुणाकार होतो आणि तोच आकडा लिटरमध्ये मिनिट्सबुकात जातो. ६ मीटर लांब, १ मीटर रुंद, १.२ मीटर खोल चर म्हणजे ७,२०० लिटर. पण खडी भरल्यावर पाण्याला उरते ती फक्त दगडांमधली पोकळी. म्हणून खडीची ऑर्डर देण्याआधी खरा हिशेब करा.

सुरुवात खडीपासून. एकसारख्या आकाराच्या, धुतलेल्या खडीत साधारण ३५ ते ४५ टक्के पोकळी असते. बारीकमोठी मिसळलेली किंवा क्रशरची भुकटी असलेली खडी असेल, तर बारीक माल मोठ्या दगडांच्या फटीत बसतो आणि जागा कमी होते. तुमच्या खडीचा आकडा स्वतः काढा, अर्ध्या तासाचं काम आहे. रंगाचा रिकामा २० लिटरचा डबा घ्या. डब्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका, कारण काठोकाठ भरला तर त्यात जास्त मावतं. लिटरच्या बाटलीने मोजून भरा. समजा २२ बाटल्या बसल्या. आता डबा रिकामा करून त्यात काठापर्यंत खडी भरा, भरताना डबा ठोकत राहा. मग हळूहळू पाणी ओता. बुडबुडे येत राहतील, ते थांबेपर्यंत थांबा आणि पाणी खडीच्या वरच्या थराशी दिसू लागलं की मोजणी संपवा. समजा ९ बाटल्या लागल्या. हे पाणी निथळू द्या आणि ओल्या खडीवर पुन्हा मोजा. या वेळी साडेआठच लागतील, कारण थोडं पाणी दगडांना चिकटून राहतं. पावसाळाभर खडी ओलीच असणार, म्हणून दुसरा आकडा धरा: ८.५ भागिले २२, म्हणजे सुमारे ३८ टक्के.

दुसरं, कामाची खोली. जादा पाणी पावसाळी गटारात सोडणारा पाइप जिथे बसवाल, त्याच्या वर पाणी साठत नाही. पाइप जमिनीपासून २० सेंटिमीटर खाली असेल, तर १.२ ऐवजी १ मीटर धरा. तळाला उतार असेल तर दोन्ही टोकांच्या खोलीची सरासरी घ्या.

मग ६ × १ × १ × ०.३८ = २.२८ घनमीटर, म्हणजे २,२८० लिटर. मीटिंगमधल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी! खडी ब्रासने येते, तेव्हा लक्षात ठेवायला सोपं: एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि तेवढ्या खडीत साधारण १,०७५ लिटर पाणी. आत छिद्रांचा ६ इंची पाइप टाकला तर ६ मीटरमध्ये ६०-७० लिटरच वाढतात. त्याचा खरा उपयोग पाणी चरभर सारखं पसरवायला.

वर्षागणिक गाळ बसतो. गच्चीच्या पाण्याला आधी गाळ बसायची चेंबर आणि खडीभोवती जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड) नसेल, तर ३० टक्केच धरा: १,८०० लिटर.

हे किती पावसाला पुरतं? १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटर गच्चीवर २३ मिलिमीटर पाऊस पडला की आपला २,२८० लिटरचा चर भरला. तासाला ५० मिलिमीटरच्या सरीत अर्धा तासही लागणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी याच गच्चीसाठी असे चाळीसेक चर लागले असते. म्हणून जादा पाण्याचा पाइप काटकसरीत कधीही वगळू नका.

मुंबईत सगळ्यात जास्त फसगत होते ती जमिनीच्या पोटात. खाडीलगतच्या भरावावर पावसाळ्यात भूजल दोन-तीन फुटांवर येऊ शकतं. तिथे चर खालूनच भरतो आणि हिशेबातली जागा कागदावरच राहते. खोली ठरवण्याआधी जवळच्या विहिरीची किंवा चाचणी खड्ड्याची पातळी ऑगस्टमध्ये बघा, आणि चराचा तळ तिच्या वर ठेवा. पिण्याच्या पाण्याची अंडरग्राउंड टाकी आणि इमारतीचा पाया यांपासून चर लांब हवा. अंतर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या.

शेवटी, चर रिकामा व्हायला किती वेळ लागतो तेही बघा. तळाच्या खोलीवर फूटभराचा खड्डा करून दोनदा पाणी भरून जिरू द्या, तिसऱ्यांदा भरून मोजपट्टी लावा. तासाला २ सेंटिमीटर उतरलं, तर १ मीटर खडीतलं पाणी (प्रत्यक्षात ३८ सेंटिमीटर) सुमारे १९ तासांत मुरेल. खड्ड्याच्या कडांनीही पाणी जातं, तेव्हा प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ धरा. दोन दिवसांतही चर रिकामा होत नसेल, तर जुलैत पुढच्या सरीला मिळणारी जागा म्हणजे तोवर मुरलेल्या पाण्याएवढीच, आणि सोसायटीच्या कागदावर तोच आकडा लिहा.