फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका
जुन्या मोबाइलचं मागचं झाकण वर आलेलं दिसलं, की आतली लिथियम बॅटरी फुगली असं समजा. ती दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. घंटागाडीत टाकली तर कचरा दाबला जाताना ती पेट घेऊ शकते, आणि भाजतात ते सफाई कामगारांचे हात. बॅटरी सहज सुटत असेल तर धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावा. नसेल तर ओढाताण न करता फोन तसाच कोरड्या वाळूच्या डब्यात, पडदे-कागदांपासून लांब ठेवा. मग ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला कळवा, बॅटरी फुगल्याचं आधीच सांगा. केंद्र सरकारच्या २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सेवा केंद्रातही विचारा.