रेडिएटरच्या फॅनला थर्मो स्विच जोडताना

वडिलांची जुनी पेट्रोल गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा रेडिएटर फॅन कधी लागायचा, कधी नाही. एकदा रहदारीत अडकले असताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकला आणि फॅन गप्पच. गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. गार झाल्यावर रेडिएटरच्या खालच्या बाजूला असलेल्या थर्मो स्विचचा, म्हणजे पाणी तापलं की फॅन लावणाऱ्या स्विचचा, कनेक्टर ओढून काढला. प्लॅस्टिक तपकिरी पडून ठिसूळ झालेलं, एक पिन निळसर काळी, आणि वायरवरचं आवरण बोटभर लांबीपर्यंत कडक. आधी कोणीतरी फॅनचा सगळा करंट त्या एवढ्याशा स्विचमधून नेला होता.

त्यानंतर सगळं वायरिंग मी नव्याने केलं. त्यातली मुख्य गोष्ट एवढीच: थर्मो स्विचने फक्त हुकूम द्यायचा, भार रिलेने, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचने, उचलायचा. काही कारखानी स्विच फॅनचा पूर्ण करंट झेपेल असे बनवलेले असतात, पण आपल्या हातातला तसा आहे याची खात्री नसेल तर रिले लावाच. रिलेच्या कॉइलला (त्याला ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीला) साधारण ०.१५ अँपिअर लागतो. फॅन चालू असताना १० ते २० अँपिअर खेचतो आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. या दोन आकड्यांतला फरक म्हणजेच ती जळलेली पिन. (ज्या गाडीत फॅन इंजिनचा कॉम्प्युटर चालवतो, तिथे यातलं काही करू नका. तिची सिस्टिम वेगळी असते.)

स्विच निवडताना त्यावर कोरलेले दोन आकडे बघा, उदाहरणार्थ ९२/८७. पहिल्या तापमानाला तो जोडतो, दुसऱ्याला सोडतो. मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर फॅन दर काही सेकंदांनी चालू-बंद होत राहील. आपल्या गाडीच्या मूळ स्विचवरचे आकडे मिळाले तर तेच घ्या. नाही मिळाले तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) किती अंशांना उघडतो ते बघा. समजा तो ८८ ला उघडतो आणि तुम्ही इंजिनमधून गरम पाणी येतं त्या बाजूला ८२ ला जोडणारा स्विच बसवलात, तर इंजिन तापल्यावर फॅन थांबणारच नाही. रेडिएटरमधून गार होऊन पाणी बाहेर पडतं त्या बाजूला मात्र कमी आकड्याचा स्विच चालतो, कारण तिथे पोहोचेपर्यंत पाण्याचं तापमान उतरलेलं असतं.

दुसरी निवड पिनांची. एका पिनचा स्विच अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी करंटची परतीची वाट) स्वतःच्या अंगातून घेतो. रेडिएटरची टाकी प्लॅस्टिकची आणि रेडिएटर रबरी बुशवर बसलेला असेल, तर त्याला अर्थ मिळणार कुठून? म्हणून मी दोन पिनांचा घेतला. होज पाईप कापून मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा जोड टाकून त्यात स्विच बसवणार असाल आणि स्विच एका पिनचा असेल, तर त्या जोडालाच अर्थची वेगळी वायर द्यावी लागते. अशा स्विचच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. अर्थ तुटू शकतो. गळती थांबवायला नवा वॉशर पुरतो.

बसवण्याआधी स्विच पाण्यात तपासा. यात अर्धा तास जातो, पण नंतरचा बराच मनस्ताप वाचतो. पातेल्यात पाणी घेऊन स्विच तारेने असा टांगा, की पितळी टोक बुडेल, पिना कोरड्या राहतील आणि तळाला काही टेकणार नाही, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो. शेजारी थर्मामीटर सोडा, मल्टिमीटर बझरवर (जोडणी झाली की वाजतो त्या खुणेवर) ठेवून दोन्ही पिनांना लावा आणि आच मंद ठेवा. माझा स्विच ९३ ला वाजला. गॅस बंद करून मी तशीच बसून राहिले, तो ८६ ला गप्प झाला. कोरलेल्या आकड्यांपेक्षा एखाद-दोन अंशांचा फरक चालतो. उकळी फुटूनही बझर वाजलाच नाही तर तो स्विच बाजूला ठेवा.

आता गाडीकडे. इंजिन पूर्ण गार असू दे आणि बॅटरीची मायनस केबल आधी काढा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. आत दाब असतो आणि झाकण सैल होताच उकळतं पाणी अंगावर उडतं. कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं हे पाणी, भांड्यात काढून लगेच झाकून ठेवा. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि विषारी, त्यामुळे सांडलेलं कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जीव जाऊ शकतो. नवा स्विच आधी हाताने आट्यात बसवा, मग पान्याने बेताने आवळा. प्लॅस्टिकची टाकी जास्त जोराने तडकते.

रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. जोडणी अशी:

३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं.
८७ वरून फॅनचा प्लस. फॅनचा मायनस बॉडीला.
८६ ला चावी चालू केल्यावरच करंट येईल अशी इग्निशनची वायर, छोट्या फ्यूजमधून.
८५ वरून थर्मो स्विचची एक पिन, आणि स्विचची दुसरी पिन बॉडीला.

पाणी तापलं की स्विच ८५ ला अर्थ देतो, रिले टक् करून ओढला जातो आणि फॅन फिरतो. रिले पाच पिनांचा असेल तर मधली ८७ए रिकामी सोडा, पण टेप लावून झाका. रिले ओढलेला नसतो तेव्हा तीच पिन ३० ला जोडलेली असते, म्हणजे गाडी बंद असतानाही तिच्यात करंट असतो.

माझा फॅन चालू असताना १३ अँपिअर घेतो. हे डीसी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) मोजा. साध्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा १० अँपिअरच असते. जाड वायर मी ४ चौरस मिलिमीटरची घेतली, फ्यूज २५ अँपिअरचा आणि रिले ४० चा. स्विचच्या बाजूला १ चौरस मिलिमीटरची वायर भरपूर झाली. लग (वायरीच्या टोकाचा धातूचा जोड) क्रिंपिंगच्या पक्कडीनेच दाबा, साध्या पक्कडीने चेपलेला लग काही महिन्यांत सैल होतो. रिले पाणी उडणार नाही अशा जागी, पिना खाली करून लावा. पत्र्यातून वायर जाते तिथे ग्रोमेट (भोकात बसणारी रबरी कडी) हवाच.

कॉइलला, म्हणजे ८५ आणि ८६ च्या मध्ये, डायोडही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) जोडला: वन एन ४००७, त्याच्यावरची पट्टी ८६ कडे. रिले सुटताना कॉइलमधून उलटा झटका येतो आणि त्याची ठिणगी थर्मो स्विचच्या काँटॅक्टवर पडते. ती डायोड पिऊन टाकतो. उलटा लावलात तर मात्र स्विच जोडताच शॉर्ट होऊन फ्यूज जाईल, म्हणून पट्टी दोनदा बघा.

डॅशबोर्डवर एक साधं बटणही घेतलं. ८५ वरून आणखी एक वायर बटणाला आणि तिथून अर्थला. स्विच कधी दगा देईल तेव्हा हाताने फॅन लावता येतो. लांबच्या प्रवासात मला याचा फार आधार वाटतो.

बॅटरी जोडून पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा फॅन फिरला, पण दमल्यासारखा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक फॅनच्या मायनसला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावलं, तर १.८ व्होल्ट दिसले. तिथे जवळपास शून्य हवं. अर्थचा बोल्ट मी रंगावरच आवळला होता. सँडपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत रंग खरवडला, बोल्ट परत आवळला, वर ग्रीस लावलं. आकडा ०.१ वर आला आणि फॅनचा आवाजच बदलला. फॅनच्या बाबतीत मी आता पहिला संशय अर्थवर घेते.

वाऱ्याची दिशाही तेव्हाच बघा. रेडिएटरच्या पुढच्या जाळीसमोर कागद धरला की तो जाळीकडे ओढला जायला हवा. कागद तुमच्याकडे उडाला तर फॅनच्या वायरी उलट लागल्या आहेत.

मग कूलंट भरा आणि हवा नीट काढा. स्विचभोवती हवेचा फुगा अडकला तर पाणी उकळलं तरी त्याला कळत नाही. इंजिन जागच्या जागी चालू ठेवून काट्यावर नजर ठेवा. हात, ओढणी, सैल बाही फॅनपासून लांब ठेवा, तो न सांगता सुरू होतो. काही वेळाने फॅन लागेल, काही मिनिटांत बंद होईल. अशी तीन आवर्तनं होईपर्यंत मी बोनेटजवळून हलत नाही. काटा वर जात राहिला आणि फॅन लागला नाही, तर इंजिन बंद करा आणि ते गार होऊ द्या. मग चावी फक्त चालू करून स्विचच्या कनेक्टरमधल्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. फॅन फिरला तर दोष स्विचमध्ये किंवा अडकलेल्या हवेत. नाही फिरला तर रिले, फ्यूज, अर्थ या क्रमाने तपासा.

आठवड्याभराने बटणावर फॅन दहा मिनिटं चालवून फ्यूजचं घर आणि रिलेच्या पिनांजवळच्या वायरी बोटाने चाचपा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर तो लग कापून नवा लावा. माझ्याकडे ३० नंबरचा लग तापत होता, तो बदलला.