जनाची आणि मनाची: नव्या श्रामणेरासाठी हिरी-ओत्तप्पाचा सराव

वैशाखात कोकणात श्रामणेर (नवदीक्षित बौद्ध साधक) शिबिर लागतं, तेव्हा हापूसही पिकलेला असतो. विहाराच्या वाटेवर शेजारच्या कलमाचा आंबा पडलेला दिसतो. देठाशी चीक अजून ओला, आसपास कोणी नाही. हिरी-ओत्तप्पाचा सराव इथूनच सुरू करावा.

‘जनाची नाही, मनाची तरी’ असं आपण म्हणतोच. मनाची लाज ती हिरी, परिणामांचं भय ते ओत्तप्प. अट्ठकथेत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या भाष्यात, दोन लोखंडी गोळ्यांचा दाखला आहे: एक थंड पण विष्ठेनं माखलेला, दुसरा तापून लाल. पहिल्याला किळस येते म्हणून हात लावत नाही, दुसऱ्याला भाजेल म्हणून.

हात पुढे जाण्याआधी थांबा, एक श्वास पूर्ण होऊ द्या. मग विचारा, ‘अंगावर चीवर असताना हे मला शोभतं का?’ त्यानंतरच, ‘याचं पुढे काय होईल?’ अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात चार भयं सांगितली आहेत: स्वतःचा ठपका, दुसऱ्यांचा ठपका, दंड आणि दुर्गती. नवख्याला पहिलं पुरतं. हा क्रम उलटा करू नका. आधी लोक आठवले की डोळे बागेचा राखणदार शोधतात, आणि तो दिसला नाही की हात सुटतो. सर्वांत जास्त घसरण इथेच होते.

पडलेला असला तरी आंबा मालकाचाच. चोरीच्या मनानं जागचा हलवला की अदिन्नादानाचं (न दिलेलं न घेण्याचं) शील मोडलं. मालकानं हातानं दिला तर खुशाल घ्या, पण मध्यान्हाच्या आत खा. त्यानंतर फक्त कापडानं गाळलेलं, न शिजवलेलं आंब्याचं पानक (पेय) चालतं. वाटीतला दाट आमरस म्हणजे पानक नव्हे.

चूक झालीच तर त्याच दिवशी आचार्यांना सांगा आणि शील पुन्हा घ्या. सांगून झाल्यावरही मन तेच उगाळत बसलं, तर ती हिरी नाही, कुक्कुच्च (पस्तावा) आहे. पाच नीवरणांपैकी, म्हणजे ध्यानातल्या अडथळ्यांपैकी, उद्धच्च-कुक्कुच्च (चंचलता आणि पस्तावा) या जोडीतलं. ध्यानात ते मनाला बसूच देत नाही. हिरी पुढच्या वेळी हात आवरते. कुक्कुच्च मागचंच कुरतडत राहतं.

भिक्खूंमध्ये उपोसथाला (पौर्णिमा-अमावास्येला) पातिमोक्ख (भिक्खूंचे नियम) म्हणण्याआधी आपत्तीची (नियमभंगाची) देसना, म्हणजे कबुली, होते. ऐकणारा विचारतो, ‘पस्ससि?’ दिसतो का दोष? उत्तर, ‘आम, पस्सामि.’ मग तो म्हणतो, ‘आयतिं संवरेय्यासि’, पुढे संयम ठेव. मात्र दोघांनी दुपारनंतर एकत्र खाल्लं असेल, तर एकमेकांपुढे देसना करून भागत नाही. तो दोष नसलेल्या तिसऱ्या भिक्खूकडे जावं लागतं.