दोन्ही बेरजा जुळल्या, तरीही वही चुकली: छोट्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतील गुणलेखन

मुंबईत आझाद मैदानावर आणि नंतर पावसाळ्यातल्या कांगा लीगमध्ये काही वर्षे क्रिकेटचे गुणलेखन (स्कोअरिंग) केल्यानंतर नोकरीनिमित्त मी क्वालालंपूरला आलो, आणि शनिवार-रविवारच्या क्लब सामन्यांतून हळूहळू नवोदित देशांच्या स्पर्धांपर्यंत पोहोचलो. या वाटेने येऊ इच्छिणाऱ्यांकडून मला वारंवार विचारणा होते, म्हणून हे लिहीत आहे. चौकोनी वही (प्रत्येक फलंदाज-गोलंदाजाच्या धावा वेगवेगळ्या रकान्यांत) कशी भरावी, चेंडूगणिक नोंदीचा तक्ता (कोणता चेंडू कोणी खेळला, ते क्रमाने) कसा ठेवावा, पंचांच्या खुणांना तत्काळ प्रतिसाद का द्यावा, हे तुम्हाला ठाऊक आहे असे गृहीत धरतो.

या स्पर्धांना कमी लेखण्याची चूक सर्वप्रथम टाळावी. १ जानेवारी २०१९ पासून आयसीसीच्या कोणत्याही दोन सदस्य देशांच्या पुरुष संघांतील टी-ट्वेंटी सामन्याला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. महिलांच्या बाबतीत तो १ जुलै २०१८ पासूनच लागू होता. त्यामुळे प्रेक्षागृहात पन्नास माणसे असली, तरी तुमच्या वहीतील आकडा विश्वविक्रमांच्या यादीत जाऊन बसू शकतो. जुलै २०२३ मध्ये बायुएमास ओव्हल मैदानावर मलेशियाच्या स्याझरुल इद्रुसने चीनचे सात फलंदाज ८ धावांत बाद केले आणि सातही त्रिफळाचीत होते. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत सात बळी प्रथमच कोणी घेतले होते. पुढच्या वर्षी मलेशियातच बांगीच्या पात्रता स्पर्धेत हाँगकाँगच्या आयुष शुक्लाने मंगोलियाविरुद्ध चारही षटके निर्धाव टाकली, आणि त्याच स्पर्धेत सिंगापूरने मंगोलियाला १० धावांत गुंडाळले. चार षटके, चार निर्धाव, शून्य धावा, एक बळी, हे पृथक्करण लिहिणाऱ्या गुणलेखकाचा विचार करा: एखादा वाइड नजरेतून निसटला, तर तो विक्रमच खोटा ठरतो, आणि लेगबायची (चेंडू फलंदाजाच्या अंगाला लागून मिळालेली) धाव चुकून गोलंदाजाच्या खात्यावर चढली, तर तो नाहीसा होतो. आपल्याकडे रणजी सामन्यातही इतके ओझे क्वचितच वाटते.

आता ज्या खड्ड्यात मी स्वतः पडलो, त्याविषयी सविस्तर लिहितो.

मलेशियात दुपारनंतर विजा कडाडू लागल्या की खेळ थांबतो. अशाच एका सामन्यात दुसऱ्या डावात, षटक संपता संपता, सगळे आत गेले. खेळपट्टीवर जे दोन फलंदाज होते ते दोघेही उजव्या हाताने खेळणारे, एकाच चणीचे, आणि दोघांच्या नावाचा पहिला शब्द एकच. (नावांचा हा घोळ इथे नेहमीचा आहे. मलेशियातील मलय खेळाडू वडिलांचे नाव लावतात, मंगोलियन खेळाडूंच्या बाबतीत वडिलांचे नाव आधी येते, आणि म्यानमारच्या खेळाडूंना आडनाव नसते. तेव्हा ‘आडनाव’ या रकान्यात काय लिहायचे, ते संघाच्या व्यवस्थापकालाच विचारावे, स्वतःच्या अकलेने ठरवू नये.) सोयीसाठी त्यांना मोठा आणि धाकटा म्हणू. मोठ्याने सदऱ्याखाली पांढऱ्या लांब बाह्यांचा बनियन घातला होता, आणि सबंध डावभर मी त्यालाच बाह्यांवरून ओळखत होतो.

पाऊण तासाने खेळ सुरू झाला, तेव्हा मोठा ओला बनियन काढून आला होता आणि गारवा वाटल्यामुळे धाकट्याने पांढऱ्या बाह्या चढवल्या होत्या. मी बाह्या पाहिल्या आणि निर्धास्त झालो. पाठीवरचे क्रमांक एक षटक सोडून एक षटक आमच्या बाजूला दिसत होते, पण खात्री झालेला माणूस पुन्हा पाहत नाही. शेजारच्या सहकाऱ्याने “कोण खेळतोय?” असे विचारले, मी नाव सांगितले आणि त्याने ते लिहिले.

थांबताना मोठा १७ वर आणि धाकटा ११ वर होता. पुढच्या तीन षटकांत मोठ्याने १४ आणि धाकट्याने ५ धावा केल्या. आम्ही त्या उलट लिहिल्या. प्रत्येक षटकाअखेर आम्ही दोघांनी बेरीज पडताळली, फलंदाजांच्या धावा आणि अवांतर धावा एकीकडे, गोलंदाजांचे पृथक्करण, बाय आणि लेगबाय दुसरीकडे, आणि प्रत्येक वेळी ती चोख जुळली. नीट लक्षात घ्या: दोन फलंदाजांच्या धावांची आपसांत अदलाबदल झाली, तर ही पडताळणी ती कधीच पकडू शकत नाही, कारण १७ अधिक १४ आणि ११ अधिक ५ यांची बेरीज ४७ होते, तशीच १७ अधिक ५ आणि ११ अधिक १४ यांचीही होते. दोन गुणलेखक असण्याचा उपयोगही तिथेच संपला होता, कारण दोन वह्या होत्या, पण पाहणारे डोळे माझे एकट्याचेच होते.

मोठा बाद झाला आणि धावफलकावर धाकटा २५ धावांवर बाद असे झळकले. परतणारा फलंदाज सीमारेषेपाशी थांबला, त्याने फलकाकडे पाहिले, मग आमच्या खिडकीकडे वळून बॅटीने स्वतःच्या छातीवर दोनदा टकटक केली. ती टकटक मला आजही ऐकू येते, जरी त्या अंतरावरून ती ऐकू येणे शक्यच नव्हते.

दुरुस्ती सुदैवाने सोपी निघाली. खेळ थांबताना पुढचा चेंडू कोण खेळणार हे पंचांनी टिपून ठेवले होते. मी ते विचारलेच नव्हते, एवढाच काय तो फरक. चेंडूगणिक तक्ता असल्यामुळे पुन्हा खेळ सुरू झाल्यापासूनची नावे सरसकट उलटली की मोठा ३१ आणि धाकटा १६, असे खरे आकडे मिळाले. केवळ चौकोनी वही असती, तर कोणता चौकार कोणाचा, हे शोधायला आम्हाला खेळाडूंच्या दारात उभे राहावे लागले असते. म्हणूनच ‘ॲपवर सगळे आपोआप होते’ असे सांगून दोन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ॲप बेरीज करते. समोरचा माणूस कोण, हे तुम्ही सांगाल तेच ते मानते.

आझाद मैदानावर, जिथे एका सामन्याचा पॉइंट आणि दुसऱ्याचा मिडविकेट एकमेकांना खेटून उभे असतात, ज्या काकांच्या शेजारी बसून मी शिकलो, ते दिवसभरात चार वाक्ये बोलत. त्यांतले एक होते, “अरे, पाय बघ त्याचे, कपडे काय बघतोस?” बूट सहसा कोणी मध्येच बदलत नाही. मला हे वाक्य पंधरा वर्षे पाठ होते आणि त्या दिवशी आठवले नाही. बोलघेवड्या मार्गदर्शकांपेक्षा अशी माणसे शोधा, मग ती चिडकी असली तरी चालेल.

पैशांविषयी स्पष्टच सांगतो: यावर घर चालत नाही, नोकरी सोडून या मार्गाला लागू नये. मात्र पहिल्याच स्पर्धेत हात थरथरला, तर घाबरूनही जाऊ नये; माझा अजूनही पहिल्या षटकात थरथरतो, आणि तिसऱ्या षटकापर्यंत थांबतो. मुंबईत असाल तर क्रिकेट संघटनेची गुणलेखकांची परीक्षा द्या आणि पावसाळाभर कांगा लीगचे तंबू सोडू नका, कारण ओल्या कागदावर लिहिण्याचा आणि थांबलेला खेळ पुन्हा पकडण्याचा सराव दुसरीकडे कुठे मिळेल असे मला वाटत नाही. परदेशात असाल तर स्पर्धा जाहीर होण्याची वाट न पाहता जवळच्या क्लबला आजच पत्र लिहा. स्पर्धेच्या तोंडावर यजमान मंडळाला नवी माणसे तपासायला वेळ नसतो. ते गेल्या हंगामात रविवारी उन्हात बसलेल्यांनाच फोन करतात.