एकाच फाईलवर दोन पॅकेजांचा दावा

डेबियन किंवा उबंटू या लिनक्सवर पॅकेज बसवताना ‘अमुक फाईल तमुक पॅकेजमध्येही आहे’ असं सांगून डीपीकेजी (पॅकेजं बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम) अडून बसलं, तर लगेच फोर्स-ओव्हरराईट, म्हणजे जबरदस्तीने फाईलवर फाईल लिहिण्याचा पर्याय, वापरू नका. त्याने काम होतं, पण फाईलची मालकी नव्या पॅकेजकडे जाते. उद्या ते काढून टाकलंत की फाईलही जाते आणि जुनं पॅकेज लंगडं पडतं.

आधी मालक शोधा. डीपीकेजीला कॅपिटल एस हा पर्याय आणि फाईलचा पूर्ण मार्ग द्या, पॅकेजचं नाव मिळेल. (फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर आरपीएम क्यूएफ, आर्चवर पॅकमन क्यूओ.) बऱ्याचदा गोम अशी असते, की नव्या आवृत्तीत ती फाईल एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवलेली असते आणि तुमच्याकडे त्यातलं एकच अद्ययावत झालेलं असतं. मग पॅकेजांची यादी ताजी करून दोन्ही एकदम अपग्रेड करा. बाहेरच्या रेपॉझिटरीतलं (पॅकेजांच्या साठ्यातलं) पॅकेज असेल, तर सरळ दोघांपैकी एक काढा.

पॅकेजचीच एखादी फाईल बदलून स्वतःची ठेवायची असेल, तर डीपीकेजी-डायव्हर्ट ही आज्ञा वापरा, मूळ फाईलचं नाव बदलणारा रीनेमचा पर्याय न विसरता. मूळ फाईल बाजूच्या नावाने राहते, पुढचे अपग्रेडही तिथेच उतरतात. ईटीसी या डिरेक्टरीतल्या कॉन्फिगरेशन (सेटिंगच्या) फाईलींसाठी मात्र हे नको. तिथे तुम्ही बदल केलेत आणि नव्या आवृत्तीतही ती फाईल बदललेली असली, तर कुठली ठेवायची ते डीपीकेजी स्वतःच विचारतं. दोन पॅकेजांत फाईल नव्हे, तर नुसती डिरेक्टरी सामाईक असली तर काहीच बिघडत नाही.